विमानाची डावी बाजू दोनदा, उजवी गायब

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मिग-२१ लढाऊ विमानाच्या जोडायच्या प्लास्टिक मॉडेलच्या (प्रमाण १/७२) स्टार्टर सेटमध्ये ‘बी’ फ्रेम नसणे आणि त्यावर मिळालेला सल्ला

महोदय,

आत्ताच तुमच्या प्रतिनिधीने फोन ठेवला. माझं वाक्य अर्धवट असताना. म्हणून आता लेखी.

खोक्यात ‘ए’ फ्रेम दोन आल्या आहेत, ‘बी’ आलेलीच नाही. उत्पादन तुमचंच आहे, तरी फोडून सांगतो : फ्रेम म्हणजे सुटे भाग धरून ठेवणारी प्लास्टिकची चौकट; ‘ए’वर विमानाच्या धडाची डावी बाजू, ‘बी’वर उजवी. फोटो पाठवलेत, दोन्ही फ्रेमवरचं अक्षर स्वच्छ वाचता येतं. त्यावर आजचं संभाषण :

“सर, बॉडीचे दोन भाग आहेत ना? मग एकमेकांना चिकटवा.”

“दोन्ही डावे आहेत.”

“एक उलटा करून बघा सर, उजवा होईल.”

मी म्हटलं, बाबा रे, डाव्या पायाची चप्पल उलटी करून तू उजव्या पायात घालतोस का? मग बराच वेळ संगीत ऐकवलं. स्वारी परत आली ती सीनियरना विचारून : “थोडं घासून सुपरग्लू लावा सर, फिट होईल. शेवटी खेळणंच आहे.”

घासून! डाव्याचा उजवा!

आणि सुपरग्लू का, तर सेटमधली सिमेंटची (प्लास्टिक जोडायच्या गोंदाची) ट्यूब वाळलेली निघाली, हेही मीच सांगितलं होतं. सिमेंट प्लास्टिक विरघळवून सांधा एकजीव करतं. सुपरग्लू नुसता धरून ठेवतो आणि त्याच्या वाफेने कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, पांढुरकी पडते. पारदर्शक भागांजवळ तो वापरू नका, असं तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय. सीनियरनी ते एकदा चाळावं. चंदेरी रंगाची बाटलीही दगड झालेली आहे, पण तो विषय काढायची आज हिंमतच झाली नाही.

खोक्यावर ‘वय १० पासून, सगळं आत’ असं लिहिलंय. मुलीचं हे पहिलंच मॉडेल. तिने निळा-हिरवा मिसळून रशियन कॉकपिटचा तो मोरपिशी रंग जमवला, इन्स्ट्रुमेंट पॅनेलवर जवळजवळ कोरडा ब्रश फिरवून एकेक डायल उठवली. कॉकपिट धडात बसवून दोन बाजू जोडायची वेळ आली आणि तिथेच गाडी अडली, कारण दोन्ही बाजू डाव्या. आता तुम्ही म्हणता, भाग फ्रेममधून कापलेत, बदलून मिळणार नाही. न कापता मॉडेल जोडायची काही युक्ती असेल तर तीही कळवा.

सेट तिच्या आजोबांनी आणलाय. ते ओझरच्या कारखान्यात होते, जिथे ही विमानं बनली. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये मिग-२१ला निरोप दिला, तो त्यांनी टीव्हीसमोरून न हलता पाहिला. रोज विचारतात, धड जोडलं का? दोन डाव्या बाजूंचं विमान ओझरहून गेल्याचं त्यांना तरी आठवत नाही.

तुमचं नाव बघून जास्त पैसे मोजले होते. पुन्हा ती चूक होणार नाही.

आठ दिवसांत ‘बी’ फ्रेम, सिमेंट आणि चंदेरी रंग, तिन्ही तुमच्या खर्चाने घरी पोचले पाहिजेत. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. संभाषण रेकॉर्ड होतंय असं तुमचंच यंत्र सांगतं, ते जपून ठेवा, लागेल. आणि पार्सल बंद करण्याआधी फ्रेमवरचं अक्षर कुणाकडून तरी वाचून घ्या. सीनियर सोडून.

एक ग्राहक, नाशिक