आबांचं मोठं ऑपरेशन आत्ता का नको

सांगली, गुरुवार रात्र

चि. सचिन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलास आणि मीही नीट बोलले नाही. आबा शेजारीच बसले होते, त्यांच्यादेखत सगळं बोलता येईना. आज ते झोपलेत, म्हणून लिहायला बसले. तुझं म्हणणं एवढंच, की आबांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघालाय तर एकदाच ऑपरेशन करून ती अन्ननलिका काढून टाका, मागे घोर नको. लेकाला असंच वाटणार. पण मी नको म्हणते ते पैशाला बघून नाही, आणि हातपाय गाळून तर मुळीच नाही. माझं कारण काय ते शांतपणे वाच.

दुर्बीण घातली तेव्हा जुनी सिस्टर म्हणून मला आत उभं राहू दिलं होतं. गुडघ्याच्या गोळ्यांनी आबांना काळी शौचाला झाली म्हणून ती तपासणी. पोटात अल्सर निघाला, आणि तिथवर जाताना वाटेत, दातांपासून २८ सेंटिमीटरवर, हा डाग दिसला. साध्या उजेडात तो डाग आहे असं मला वाटलंही नसतं. मग डॉक्टरांनी आयोडीन फवारलं. सगळी नळी काळ्या चहासारखी तपकिरी झाली आणि अंगठ्याच्या पेराएवढा एक तुकडा तसाच कोरा राहिला. चांगल्या पेशी आयोडीन धरून ठेवतात, बिघडलेल्या धरत नाहीत. बघता बघता तो कोरा भाग गुलाबी दिसायला लागला. मला तिथेच समजलं, तुकडा तपासून यायच्या आधीच.

गिळायला अडकतं म्हणून जो पेशंट येतो, त्याचा रोग बहुतेक वेळा बराच पुढे गेलेला असतो. नळी ताणली जाते, ती चांगली अरुंद होईपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. आबांचा डाग त्याच्या कितीतरी आधी सापडलाय. म्हणूनच आपल्याला निवडायला वाव आहे.

या रोगात डाग केवढा पसरलाय यापेक्षा किती खोल गेलाय ते जास्त महत्त्वाचं. अन्ननलिकेची भिंत जेमतेम काही मिलिमीटरची, पण तिच्यात थर आहेत. रोग अगदी वरच्या अस्तरात असेल तर रसग्रंथींपर्यंत, म्हणजे ज्या गाठींमधून तो पुढे पसरतो तिथवर, पोचलेला असण्याची शक्यता फार कमी, शंभरात दोन-चार. अस्तराखालच्या थरात खोल उतरला की तीच शक्यता शंभरात पंचवीस-तीस किंवा त्याहूनही वर जाते, कारण त्या थरात रसवाहिन्यांचं जाळं असतं आणि ते गळ्यापासून पोटापर्यंत उभं पसरलेलं असतं. आबांच्या दुर्बिणीच्या सोनोग्राफीत डाग वरच्या थरातच वाटतो, सीटी स्कॅनमध्येही गाठी नाहीत. पण सोनोग्राफीचा अंदाज चुकू शकतो. नक्की उत्तर डाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच मिळतं.

म्हणून आधी तोंडातूनच, दुर्बिणीने तो डाग सोलून काढायचा. त्याला ईएसडी म्हणतात, जपानी डॉक्टरांनी वाढवलेली पद्धत. पूर्ण भूल देतात, डागाखाली औषधी पाणी भरून अस्तर वर उचलतात आणि विजेच्या बारीक सुरीने कडेकडेने कापत अख्खा डाग एका तुकड्यात सोडवतात. अंगावर एकही टाका नाही. सगळं सुरळीत झालं तर दोन-चार दिवसांत घरी. धोका यातही आहे: रक्तस्राव होतो, क्वचित नळीला भोक पडतं, आणि नळीच्या घेराचा पाऊण भाग किंवा जास्त सोलावा लागला तर नंतर ती आवळते, मग फुग्याने परत परत रुंद करावी लागते. आबांचा डाग घेराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे, त्यामुळे ती भीती मला कमी वाटते. मला जास्त काळजी त्यांच्या रक्त पातळ करायच्या गोळीची आहे. हृदयात दोन स्टेंट आहेत, तेव्हा ती गोळी किती दिवस बंद ठेवायची हे हृदयाचे डॉक्टरच सांगतील. तू फोनवर आबांना काही सांगू नकोस, ते तुझं ऐकून आजपासूनच बंद करतील.

आता तू म्हणतोस त्या ऑपरेशनबद्दल. मी सर्जिकल वॉर्डात ३२ वर्षं काढली, सचिन. त्या ऑपरेशनात पोट उघडतात, छाती उघडतात, कधी गळाही. जठराची नळी करून ती वर ओढून जोडतात. तासन् तास ऑपरेशन चालतं आणि त्यातला बराच वेळ एक फुप्फुस बंद ठेवतात. नंतर छातीत नळी, आतड्यात जेवणाची नळी. जोड गळला की पेशंट आठवडेच्या आठवडे अंथरुणावर. माझ्या वॉर्डात एक म्हातारे होते, ऑपरेशन उत्तम झालं होतं, जोडही धरला होता. नवव्या दिवशी न्यूमोनिया झाला आणि ते गेले. त्यांच्या छातीतला तो घुरघुर आवाज मला अजून ऐकू येतो. आता दुर्बिणीने छोट्या छिद्रांतून करतात, त्यात फुप्फुसाचा त्रास कमी होतो हे खरं आहे, आणि रोग खोल असेल, माणूस धडधाकट असेल तर हेच ऑपरेशन योग्य. वयाच्या आकड्याला मी घाबरत नाही. आबाच म्हणतात ना, गाडी खंबाटकीत घालायची की नाही हे इंजिन बघून ठरवायचं, मॉडेलचं साल बघून नाही. पण त्यांचं इंजिन तू पाहिलंयस. एक जिना चढले की कठड्याला धरून उभे राहतात. चाळीस वर्षांच्या तंबाखूने आणि विड्यांनी फुप्फुसाची काय गत झालीय ते तपासणीच्या कागदावर लिहिलेलं आहे.

तरी पहिल्या ठिकाणी रिपोर्ट हातात ठेवताना जे ऐकलं, ते मी विसरणार नाही. "अठ्ठ्याहत्तर वय, आता काय करायचं, घरी न्या." आबांसमोर! मी तिथून उठले ती थेट मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडे. काहीच न करणं हा मार्ग मला मान्य नाही. हा डाग आज गप्प आहे म्हणून कायम गप्प राहत नाही.

सोललेला तुकडा तपासून आला आणि रोग वरच्या थरातच निघाला, कडा स्वच्छ, रक्तवाहिनीत शिरलेला नाही, तर उपचार तिथेच संपले. खोल निघाला, तर लाईट, म्हणजे किरणांचे उपचार, आणि सोबत कीमो. जपानच्या एका अभ्यासात दुर्बिणीने डाग काढल्यावर ज्यांना गरज होती त्यांना हे दिलं, आणि तीन वर्षांनी शंभरातले नव्वदच्या वर लोक हयात होते. तो निकाल २०१९ साली छापून आला. अशा अभ्यासांत फार वयस्क, दमेकरी माणसं सहसा घेत नाहीत, म्हणून तो आकडा मी आबांना जसाच्या तसा लावत नाही. पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस जावं लागेल, गिळताना आग होईल, वजन उतरेल, पुढे नळी आवळू शकते. पण अन्ननलिका जागेवर राहील. आबांनी डॉक्टरांना एकच विचारलं होतं, "मला भाकरी गिळता येईल ना?" कुठलाही उपचार ठरवताना मी हा प्रश्न आधी धरते.

खर्चाचं मनावर घेऊ नकोस. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळतं, ते मी काढून ठेवलंय. त्यात नक्की काय बसतं ते इस्पितळात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला विचारून घेईन. तुला मुंबईला टाटामध्ये रिपोर्ट दाखवायचे असतील तर जरूर दाखव, मी सगळ्या कागदांचे फोटो पाठवते. तिथे वेगळं सांगितलं तर मी ऐकेन. फक्त डाग किती खोल आहे ते, फुप्फुस आणि स्टेंट या तिन्ही गोष्टी त्यांच्यापुढे ठेव. नुसतं "कॅन्सर आहे, काढायचा का" असं विचारू नकोस.

आणि तंबाखूचं तू बोल. माझं ऐकत नाहीत. डाग काढला तरी बाकीच्या नळीने, गळ्याने आणि तोंडानेही तोच तंबाखू सोसलाय, त्यामुळे पुढे ठरावीक महिन्यांनी आयोडीन फवारून दुर्बीण आणि घशाची तपासणी करत राहावंच लागणार. चुन्याची डबी मी फडताळात लपवली होती, त्यांनी शोधून काढली. तू सांगितलंस तर सोडतील.

पुढच्या महिन्यात तारीख मिळेल. चार दिवसांची रजा काढून ठेव. आल्यावर संध्याकाळी त्यांना गणपतीच्या देवळापर्यंत चालवत ने, भराभर नको, पण रोज. डॉक्टरांनी श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र दिलंय, श्वास ओढला की आतल्या गोळ्या वर जातात, ते मी दुपारी समोर बसून ओढायला लावते. आज दुसरी गोळी वरपर्यंत गेली आणि टिकली. तिसरी अजून हलत नाही.

तुझी,
आई