भाडेकराराला वीज तपासणीचा अहवाल जोडा : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी नाशिकला सिडकोत भाड्याने राहते. येत्या आठवड्यात आमच्या इमारतीचं वायरिंग तपासायला परवानाधारक विद्युत ठेकेदार येणार आहेत. वर्गणी भाडेकरूंनी काढली आहे. तयारी म्हणून आम्ही डीबीसमोरची (घरातल्या सगळ्या स्विचांच्या मुख्य पेटीसमोरची) कपाटं हलवली, कुठला एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच) कुठल्या खोलीचा ते चिकटपट्टीवर लिहिलं आणि कोणत्या बोर्डाला हात लावला की झिणझिण्या येतात त्याची यादी केली. यादी लांबली.

शेजारच्या घरात वायरमनने मेन बंद करून गीझरचा बोर्ड उघडला. वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती, म्हणजे अर्थिंग, गळालेली वीज जमिनीत नेणारी वायर, नावालाही नाही. २,००० वॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर खेचतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर, मध्ये कन्व्हर्टर (मोठा प्लग लहान सॉकेटात बसवणारा जोड) घालून चालवलेला. कन्व्हर्टरची एक बाजू वितळून काळी पडली होती. त्या घरात दोन लहान मुलं रोज गरम पाण्याने अंघोळ करतात. ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारा आरसीसीबी तर इमारतीत एकाही घरात नाही.

घरमालकाला सांगितलं की उत्तर ठरलेलं, 'इतकी वर्षं काही झालं नाही.' जास्त बोललं तर अकरा महिन्यांनंतर करार वाढत नाही. मीटरच्या पुढचं वायरिंग वीज कंपनीच्या अखत्यारीत येत नाही. नवी जोडणी घेताना ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यानंतर भाडेकरू बदलत राहतात, एसी येतात, इंडक्शन येतात, वायर मात्र तीच.

साहेब, मार्ग कायद्यातच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याच कराराला परवानाधारक ठेकेदाराचा तपासणी अहवाल जोडणं सक्तीचं करा. नोंदणी महसूल खात्याकडे आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच हे दोन खात्यांनी बसून ठरवावं लागेल. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनी खासगी भाड्याच्या घरांची निदान दर ५ वर्षांनी तपासणी बंधनकारक केली. नव्या भाडेकरूला राहायला येण्याआधी अहवालाची प्रत मिळते, आणि धोकादायक दोष २८ दिवसांत, गरज पडल्यास त्याआधीही, दुरुस्त करावे लागतात. दोषाला मुदत असणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नुसता कागद कपाटात जाऊन पडेल.

हे नाशिकपासून सुरू करा. २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीत आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांत खोल्या भाड्याने जातील. लाकडी पट्टीवरची जुनी वायर, किटकॅट फ्यूज (तार घालायचे जुने चिनी मातीचे फ्यूज) आणि त्यात एका खोलीत दहा-बारा माणसांचा लोड, असं चित्र तिथे सहज दिसेल. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या विद्यार्थ्यांच्या खोल्याही यात घ्या. विद्युत निरीक्षक कार्यालयात भाडेकरूला थेट तक्रार करता यावी, आणि तक्रार केली म्हणून त्याला घर सोडावं लागू नये, एवढं संरक्षण त्याच आदेशात द्या.

तपासणीचा अहवाल आला की त्याची प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवते. त्यातल्या दोषांवर घरमालकाला नोटीस कोणी द्यायची, हे आपण कळवावं.

आपली,
सिडको, नाशिक येथील एक भाडेकरू