उजव्या सीटची तयारी

कॅल्गरी,
८ फेब्रुवारी

ती. बाबांस आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "विमानाचं लायसन्स आहे, दुसऱ्यांना शिकवतेस पण, मग आता परत परीक्षा कसली?" तेव्हा माझा विद्यार्थी दारात उभा होता, म्हणून घाईत फोन ठेवला. आज सकाळपासून बर्फ पडतोय, स्प्रिंगबँकला आमची उड्डाणं बंद आहेत, तेव्हा नीट लिहिते.

पुढच्या गुरुवारी विमान कंपनीत मुलाखत आहे. विमान डॅश ८-४००. दोन इंजिनं, प्रत्येकाला सहा पात्यांचा पंखा, पंचाहत्तरच्या आसपास सीटा. मी शिकवते ती सेसना चार सीटांची. मला हवी आहे ती कॉकपिटमधली उजवी सीट, फर्स्ट ऑफिसरची, म्हणजे सहवैमानिकाची. डावीकडे कॅप्टन बसतो. आधी एक कॅप्टन तांत्रिक प्रश्न विचारणार, मग एचआरच्या बाई स्वभावाचे, आणि शेवटी सिम्युलेटर. लॉगबुकही, म्हणजे उड्डाणांच्या तासांची वही, बघतात, म्हणून दोन रात्री बसून प्रत्येक पानाची बेरीज पुन्हा केली. जुळली.

तांत्रिक भागात इथल्या थंडीवर प्रश्न हमखास येतो. उंची दाखवणारं यंत्र हवेच्या दाबावर चालतं, आणि समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरून ते बेतलेलं असतं. हवा फार गार झाली की आकसते, दाबाचे थर खाली सरकतात, आणि यंत्र खऱ्या उंचीपेक्षा जास्त आकडा दाखवत राहतं. विमानतळावर उणे ३० असताना यंत्र धावपट्टीपासून १००० फूट दाखवत असेल, तर विमान त्याच्या सुमारे १९० फूट खाली असतं. ढगात, शेजारी डोंगर असताना १९० फूट म्हणजे काय, हे पसरणी घाटात धुक्यातून गाडी काढलेल्या माणसाला मी काय सांगणार! म्हणून नकाशावरच्या उंचीत तक्त्यातून बघून तेवढे फूट आधीच वाढवून घ्यायचे. हा तक्ता मी हल्ली भाजी चिरतानासुद्धा म्हणते.

पण खरी तयारी दुसऱ्याच गोष्टीची चालू आहे. ती कळावी म्हणून ड्रायडनची हकीकत सांगते.

ओंटारियोतलं ड्रायडन हे छोटं गाव. १० मार्च १९८९. एअर ओंटारियोचं १३६३ नंबरचं विमान थंडर बेहून विनिपेगला निघालेलं, ड्रायडनला थांबलं. विमानातलं छोटं सहायक इंजिन बंद होतं आणि ड्रायडनला बाहेरून इंजिन सुरू करून द्यायची सोय नव्हती. त्यामुळे एक मुख्य इंजिन चालूच ठेवावं लागलं. इंजिन चालू असताना पंखांवर डी-आयसिंगचं, म्हणजे बर्फ काढायचं, औषध मारायचं नाही, असा नियम. वरून बर्फ पडतच होता. पंखांवर तो साठलेला केबिनमधल्या लोकांना दिसत होता. हवाई सुंदरीला दिसला. प्रवाशांमध्ये ड्युटीवर नसलेले दोन वैमानिक होते, त्यांनाही दिसला. कॉकपिटपर्यंत कोणीच गेलं नाही. कॅप्टनला माहीत असेलच, त्याच्या कामात आपण कसं बोलायचं, असं प्रत्येकाच्या मनात. विमानाला उंची घेता आली नाही, धावपट्टीपलीकडच्या झाडीत कोसळलं. ६९ जणांपैकी २४ गेले. न्यायमूर्ती मोशान्स्कींनी चौकशी केली, १९९२ साली अहवाल आला, आणि कॅनडातले बर्फाचे नियम त्यानंतर कडक झाले. तो अहवाल मी वाचतेय. एका माणसावर बोट ठेवून मोकळे झालेले नाहीत, कंपनीपासून सरकारी देखरेखीपर्यंत सगळं उलगडून दाखवलंय. इतकं प्रामाणिक सरकारी लिखाण मी आधी वाचलं नव्हतं.

मुलाखतीतला मोठा प्रश्न इथूनच येतो: "वरिष्ठ माणूस चुकतोय असं वाटलं तेव्हा तू काय केलंस?" पुस्तकी उत्तर चालत नाही, स्वतःचा प्रसंग लागतो. माझा नोव्हेंबरातला आहे. विद्यार्थी वयाने तुमच्याएवढा, स्वतःचा मोठा धंदा, सदा घाईत. पंखावर पहाटेचं दव गोठलेलं, पांढरा पातळ थर. ते म्हणाले, एवढ्याने काय होतंय, निघू. मी त्यांचा हातमोजा काढायला लावला आणि बोट पंखावरून फिरवायला सांगितलं. पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं. एवढ्या खरखरीनेसुद्धा पंखाची उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते, हे तिथेच उभं राहून सांगितलं. विमान हँगरमध्ये घेतलं, थर पूर्ण वितळून पंख कोरडे होईपर्यंत थांबलो. ते चिडले होते, पण पुढच्या वेळी विमानाशी आल्याबरोबर आधी हातमोजा काढला.

आता रोज संध्याकाळी रूममेट कॅप्टन होते आणि मी फर्स्ट ऑफिसर. ती मुद्दाम चुकते. मी आधी दिसतंय ते सांगायचं, मग मला का काळजी वाटते ते, मग काय करूया ते, आणि तरीही ऐकलं नाही तर "कंट्रोल माझ्याकडे" म्हणून विमान हातात घ्यायचं. आवाज न चढवता, पण न पुटपुटताही. इंग्रजीत हे जमवायला सुरुवातीला जड गेलं, आता येतंय.

हे करताना तुमची फार आठवण येते, बाबा. मी सुट्टीत तुमच्या गाडीत पुढे बसायचे तेव्हा बघितलंय, मागून कंडक्टरने एक बेल मारली की तुम्ही आधी गाडी थांबवायचात आणि मग कारण विचारायचात. कंडक्टर कालचा भरती झालेला पोरगा असला तरी. बेल उगाच मारली म्हणून तुम्ही कुणाला बोललेलं मला आठवत नाही. मला असा कॅप्टन मिळावा, आणि कधीतरी डाव्या सीटवर बसले तर मी तशी असावी, एवढंच मागणं आहे.

म्हणून एक काम करा. अशा बेलचा एखादा प्रसंग, घाटातला असेल तर उत्तमच, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा. मुलाखतीत सांगायला नको आहे, मला ऐकायचा आहे.

आई, काळा सूट घेतलाय, बूट जुनेच पॉलिश केलेत. गुरुवारचा उपास माझ्यासाठी धरू नकोस, तुझं पित्त वाढतं. मुलाखत इथल्या सकाळी नऊला, तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ. जागत बसू नका. निकाल त्या दिवशी सांगत नाहीत, काही दिवसांनी मेल येतो. कळला की आधी तुम्हालाच फोन.

आजीला नमस्कार.

तुमची,
मनू