बूस्टर बसवण्याआधी पेडल दाबून बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की रविवारी पहाटे जुन्या स्पोर्ट्स कार झाकणाखालून बाहेर पडतात आणि पानशेत, सिंहगड, लोणावळ्याच्या रस्त्याला लागतात. ब्रेकचा विषय निघाला की मालकाचं वाक्य ठरलेलं असतं : ‘जुनी गाडी आहे, ब्रेक असेच लागायचे.’ गॅरेजचा सल्लाही ठरलेला : ‘बूस्टर टाकू’ (म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा), नाहीतर ‘मोठी डिस्क बसवू’. मालकाचा समज चूक आहे आणि गॅरेजचा उपाय बहुतेक वेळा अनाठायी.

१९६२ ते १९८० या काळात निघालेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं उदाहरण घ्या. पुढे डिस्क (दोन्हीकडून पॅड दाबतात ती तबकडी), मागे ड्रम (आतून शू दाबतात तो पोकळ डबा). सुरुवातीच्या गाड्यांना बूस्टर मुळातच नव्हता. तरीही ब्रेक धड असतील तर पाय जोरात दाबल्यावर पुढची चाकं लॉक व्हायला, म्हणजे फिरायची थांबून घसरायला हवीत. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना ताशी ३० किलोमीटरला एकदा हे तपासावं. चाकं लॉक झाली तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे, पुढचं काम टायरचं. आणि वर्षाला हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वाळून टणक होतात. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. दहा वर्षांच्या टायरवर मोठी डिस्क बसवून काय साधणार?

चाकं लॉक होत नसतील तर पाना उचलण्याआधी पायाला विचारावं. पेडल मऊ आहे की दगडासारखं कडक, यावरून अर्धं निदान होतं. पहिल्या दाबात खोल जाणारं पेडल दुसऱ्या-तिसऱ्या पंपाला वर येऊन घट्ट झालं, तर बहुधा मागच्या शूमधली फट वाढलेली असते. अशा बऱ्याच गाड्यांत बॅकप्लेटवर (ड्रममागच्या पत्र्यावर) चौकोनी डोक्याचा अॅडजस्टर असतो. चाक फिरेनासं होईपर्यंत तो आवळायचा आणि चाक मोकळं होईल इतपतच, एक-दोन खटके, मागे घ्यायचा. हॅन्डब्रेकची केबल त्यानंतर. आधी केबल ओढून घेतली की शू जागेवर बसत नाहीत, ही चूक रोज होते. पंप करूनही पेडल स्पंजासारखंच राहिलं तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा. आणि एकसारखा दाब ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली सरकत असेल, पण बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरचे) रबर गेले.

‘रबरांचं किट टाकलं, तीनदा हवा काढली, पेडल मऊच’ अशी तक्रार असेल तर आधी ब्लीडिंग निपल (हवा काढायचा स्क्रू) बघा. डावा-उजवा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा जबडा) अदलाबदल होऊन बसले की निपल खाली येतो आणि वरची हवा जन्मात निघत नाही. तेही ठीक असेल, तर गोल जबड्याच्या खास क्लॅम्पने सगळे रबरी होज दाबून बंद करावेत. (पक्कड वापरू नये, आणि स्टीलच्या जाळीच्या होजला क्लॅम्प लावूच नये.) पेडल कडक झालं तर मास्टर सिलिंडर निर्दोष. मग एकेक क्लॅम्प सोडायचा. ज्या चाकाला पेडल पुन्हा मऊ पडेल, तिथे दोष. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण त्याऐवजी निम्म्या गाडीचे पार्ट बदलले जातात.

पेडल कडक आणि गाडी थांबत नाही, हा प्रकार वेगळा. बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन बंद ठेवून पाच-सहा पंप मारा, पेडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूमचा पाइप, त्यावरचा एकदिशा व्हॉल्व्ह आणि मग बूस्टर, या क्रमाने तपासा. कॅमशाफ्ट ‘गरम’ करून घेतलेल्या (जास्त ताकदीसाठी बदललेल्या) इंजिनाला आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, व्हॅक्यूमच कमी मिळतो. तिथे नव्या बूस्टरचा दोष काय?

बाकी कडक पेडलचं मूळ बहुतेक वेळा पॅडमध्ये असतं. महिन्यातून एकदा हळूवार चालवलेल्या गाडीचे पॅड तापतच नाहीत, त्यांच्यावर काचेसारखी चकाकी चढते. लायनिंग ३ मिलिमीटरपेक्षा जास्त शिल्लक असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट जागेवर घासून चकाकी काढता येते. तेल किंवा ग्रीस प्यालेला पॅड किंवा शू मात्र फेकून द्यावा, जोडी बदलावी आणि गळणारं व्हील सिलिंडर (चाकातले शू ढकलणारं सिलिंडर) किंवा ऑइल सीलही. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडून कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

गाडी एका बाजूला ओढते? कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलेला असतो किंवा होज आतून सुजलेला. पेडल सोडल्यावरही चाक जाम राहिलं तर निपल थोडा उघडा. चाक सुटलं, तर दाब आत अडकतोय, म्हणजे संशय होजवर; नाही सुटलं, तर पिस्टनवर. पिस्टनचा क्रोम खडबडीत झाला असेल तर नुसतं किट टाकून भागत नाही, पिस्टनही नवा लागतो. रबरांना ब्रेकचं लाल रबर ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

ब्रेक ऑइलकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ते हवेतलं पाणी शोषतं, मग गाडी धावो न धावो. ताज्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरतो. सिंहगडावरून गोळेवाडीकडे सतत पाय ठेवून उतरलात तर तो आकडा गाठायला वेळ लागत नाही. ऑइल उकळलं की पेडल तळाला जातं. नुसते पॅड तापले तर पेडल वर राहतं, पण पकड नसते. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला, सीलबंद डबा घ्या, आणि सिलिकॉनचं डॉट ५ त्यात कधीही मिसळू नका. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढत यायचं. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे ड्रायव्हर मंडळींचं जुनं शहाणपण या गाड्यांना तर दुप्पट लागू आहे.

आता सुधारणा. मोठं मास्टर सिलिंडर बसवून ब्रेक जोरदार होतात हा समज उलटा आहे. १९.०५ मिलिमीटरच्या बोअरऐवजी (आतल्या व्यासाऐवजी) २०.६४ चा बसवला तर पेडल कमी खोल जातं, म्हणून छान वाटतं. पण तेवढ्याच दाबासाठी पायाला सुमारे १७ टक्के जास्त जोर लागतो. मागचं व्हील सिलिंडर मूळ मापापेक्षा मोठं बसलं तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गिरकी घेते. वरून सगळी सारखीच दिसतात, म्हणून बोअर मोजूनच घ्या. स्टीलच्या जाळीचे होज पेडलला घट्टपणा देतात, ताकद नव्हे. पैसे घालायचेच असतील तर रस्त्यासाठीच्या चांगल्या पॅडवर घाला. रेसिंगचे पॅड थंड असताना चावत नाहीत, आणि लक्ष्मी रस्त्यावर ते तापणार कधी? नवे पॅड ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवून, मध्ये थंड होऊ देत बसवावेत. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहू नये.

जुन्या मोटारींच्या फेऱ्या भरवणाऱ्या मंडळींना एक विनंती. झेंडा दाखवण्याआधी प्रत्येक गाडीचं पेडल अर्धा मिनिट दाबून धरायला लावा, ते खाली सरकतं का बघा, आणि टायरवरचे चार आकडे वाचा. ज्या गाडीचं पेडल सरकेल तिचा फोटो आवारातच काढावा, घाटात नेऊ नये.

आपला,
मोटार दुरुस्तीच्या धंद्यातील एक वाचक,
नाना पेठ, पुणे