जळके ऑइल डिझेलमध्ये नकोच

महोदय,

डिझेल परवडत नाही म्हणून गॅरेजमधले जळके (म्हणजे इंजिनातून काढलेले वापरलेले) ऑइल फडक्याने गाळून पाण्याच्या पंपाच्या इंजिनात ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण त्याने इंजिनाचा काळा धूर वाढतो. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल. एअर फिल्टर चोंदला, डिझेलचा फवारा उडवणारे नोझल थेंब गाळू लागले किंवा इंजिनावर झेपेल त्याहून अधिक भार टाकला की ही काजळी होते. जळके ऑइल डिझेलपेक्षा कितीतरी दाट असल्याने त्याचा बारीक फवारा उडत नाही, म्हणजे धुराचे कारण आपणच टाकीत ओततो. त्यात विरघळलेली जस्त व कॅल्शियमची संयुगे फडक्यात अडकत नाहीत. त्यांची राख व्हॉल्व्हवर बसते, उरलेली आपल्या छातीत जाते.

कायद्याने हे ऑइल घातक कचरा आहे आणि त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून ऑइलच्या उत्पादकांवरही आली आहे. तरीही स्लॅबच्या सेंट्रिंगच्या पाट्यांना ते फासणारा किंवा ते जाळणारा भट्टीवाला दारात येऊन रोख पैसे देतो, त्याचे काय? प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकृत संकलकांची तालुकावार यादी प्रत्येक गॅरेजमध्ये लावणे सक्तीचे करावे.

– एक डिझेल मेकॅनिक, सांगली