हजाराची खोली पंधरा हजारांना पडली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे माल विकल्यावर त्याला देतो त्या हिशेबाच्या कागदात, हमाली किती, तोलाई किती आणि ती कुणाच्या नावे, हे लिहिण्यात तीस वर्षे गेली. त्याच सवयीने मिरजेतल्या एका दवाखान्याचे बिल आणि विमा कंपनीचे कपातीचे पत्र शेजारी ठेवून ताळा केला.

मंडळींचे पित्ताशयाच्या खड्यांचे ऑपरेशन झाले. तीन दिवस मुक्काम, बिल ८३,२०० रुपये. दवाखाना कंपनीच्या यादीत नसल्याने कॅशलेस नाही. आधी पदरचे भरायचे, मग कागद पाठवून मागायचे. विमा ३ लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या १ टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपये. आम्ही घेतली ४,००० ची. खालच्या खोलीला खिडकी नव्हती आणि मुलगी म्हणाली, "बाबा, हजारानं काय होतंय?"

खोलीचे तीन दिवसांचे वरचे ३,००० कापले, ते समजले. पण मर्यादा भाड्याच्या पाऊणपट भरते, म्हणून सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, नर्सिंग या ४८,००० लाही पाऊणपटच मान्य. तिथे आणखी १२,००० गेले. खोलीप्रमाणे या फीचे दर जिथे बदलत नाहीत, तिथे ही कपात चालत नाही. आमच्या दवाखान्यात ते बदलतात, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. हे पॉलिसीत बारीक अक्षरात आहेच. एजंट आमचाच पाहुणा. त्याने हप्त्याची तारीख मात्र कधी चुकू दिली नाही.

कंपनीही धुतल्या तांदळाची नाही. तिने औषधे आणि तपासण्यांच्या २०,००० तूनही चौथाई कापली होती. विमा नियामकाच्या २०२० च्या नियमांनुसार औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायची उपकरणे यांना ही प्रमाणातली कपात लावता येत नाही. तसा लेखी अर्ज केला, तेव्हा ५,००० परत आले. अर्ज केला नसता तर? कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही.

बिलातले उरले ३,२०० रुपये. हातमोजे-मास्क ६००, 'फाईल चार्जेस' ५०० आणि नुसते 'किट' २,१००. हातमोजे-मास्क विम्यातून पैसे न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीतच आहेत. फाईलचा खर्च खोलीभाड्यातच धरलेला असतो. तो वेगळा लावला की कंपनी देत नाही आणि पेशंटच्या माथी बसतो. तपशील नसलेल्या किटचे पैसेही मिळत नाहीत. पट्टीवर मी नुसते 'इतर' लिहिले असते तर शेतकऱ्याने ती तोंडावर फेकली असती.

मिरजेत तर कर्नाटकातूनही पेशंट येतात. ॲडमिट करतानाच पॉलिसीतली खोलीची मर्यादा विचारून, पेशंटला पदरचे किती पडतील ते मराठीत आणि कन्नडमध्ये कागदावर लिहून द्यायला दवाखान्यांना काय अडचण आहे?

किटमध्ये काय काय होते, हे मी लेखी मागितले त्याला पंधरा दिवस झाले. बिलिंगच्या मॅडम रजेवर आहेत म्हणे.

आपला,
एक दिवाणजी, सांगली