आई-बाबा, तिला घरात घ्या

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर मी जिन्याखालच्या मांजरीला घरात घ्या म्हटलं, तेव्हा बाबा म्हणाले, "आता नवीन जीव नको. आमच्यामागे त्याचं कोण करणार?" आई, तू त्यावर काहीच बोलली नाहीस, म्हणजे तुम्हा दोघांचं ठरलेलं दिसतंय. असलं बोलणं फोनवर घाईघाईत होत नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मी करेन. तुमच्या घरात जे कोणी असेल, म्हातारं, आजारी, लंगडं, ते माझ्याकडे येईल. आमच्या घरी हे बोलून झालंय आणि तुमचे जावई मनापासून हो म्हणालेत. तेव्हा ही काळजी आजपासून माझी.

आपल्या घरात विकत घेतलेलं जनावर कधी आलंच नाही. काळूला त्याची आधीची माणसं घर बदलताना फाटकाशी बांधून गेली होती. बोका एक डोळा गमावून आला आणि तसाच राहिला. आणि मनी आली तेव्हा तिचे डोळेही उघडले नव्हते. आई, तू रात्री दर दोन-तीन तासांनी गजर लावून उठायचीस. तिला पालथी धरून ड्रॉपरने थेंब थेंब पाजायचीस, कारण उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत जायची भीती. मग कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने शेपटीखाली हळूच पुसत बसायचीस. एवढ्या लहान पिल्लांना आपली आपण शी-शू होत नाही, त्यांची आई चाटते तेव्हाच होते, हे मी पुस्तकात खूप नंतर वाचलं. तुझ्या हातांना ते आधीच ठाऊक होतं. आणि बाबा, मोठी झाल्यावर तीच मनी तुमच्या पेपरवर येऊन बसायची, तेव्हा तुम्ही तिला कधी उठवलं नाहीत. तिच्या आजूबाजूच्या बातम्या आधी वाचायचात आणि ती उठली की मधल्या.

काळू गेल्यापासून घर गप्प झालंय हे मला इथे बसून कळतं. तुम्ही दोघं बोलता ते फक्त औषधांच्या वेळांबद्दल.

आता जिन्याखालच्या त्या मांजरीविषयी. आई, तीन रंगांचं मांजर म्हणजे मादीच, हे तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे केशरी आणि काळा दोन्ही रंग अंगावर यायला सहसा दोन एक्स लागतात. असा बोका क्वचितच जन्मतो. तिची पिल्लं आता इकडेतिकडे पळायला लागलीत म्हणालीस. म्हणजे हीच वेळ आहे. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लांना माणसाच्या हाताची सवय झाली तर ती पुढे कुणाच्याही घरात रुळतात. तेव्हा रोज थोडा वेळ त्यांना हातात घ्या, तिने घेऊ दिलं तर. त्यांच्यासाठी घरं शोधायचं काम माझं, दोन ठिकाणी मी विचारलंयही.

तिचं ऑपरेशन मात्र लांबवू नका. पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत पुढचं वेत हजर. पिल्लं दूध सोडतील तेव्हा, म्हणजे दोनेक महिन्यांची झाली की, तिला डॉक्टरकडे नेऊ. भूल दिलेली असतानाच ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे तिला त्यासाठी पुन्हा कुणी पकडत नाही. दिसायला वाईट वाटतं, पण पुढच्या त्रासातून ती सुटते.

आणि त्यानंतर तिला घरात घ्या, एवढंच माझं मागणं आहे. बाबा, तुमचा हिशोब मला माहीत आहे. घरातलं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं, काही वीसपर्यंतही जातात, म्हणून पिल्लू नको म्हणता. ते मी मानते. पण ही पिल्लू नाही. तुम्हीच म्हणालात, दात झिजलेत, चाल मंदावलीय. पिल्लांना घरं मिळतात, अशा थोराड मांजरीला कोणी विचारत नाही. तिला पडदे चढायचे नाहीत, उन्हात पडून राहायचंय. तुम्हालाही आता तेच आवडतं.

काही गोष्टी मात्र माझ्यासाठी पाळा. दूध देऊ नका, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब होतात. तुमच्या गोळ्या उघड्यावर ठेवू नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, ताप वाटला तरी घरची गोळी द्यायची नाही. तिने दिवसभर तोंड लावलं नाही तर मला लगेच कळवा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृत बिघडू शकतं, आणि दुखणं लपवण्यात ती पटाईत असतात. चावली किंवा ओरखडलं तर पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. बाबा, "एवढ्याशाला काय होतंय" हे इथे चालणार नाही. मांजराचे दात बारीक असतात, वरून टाचणीच्या टोकाएवढं दिसतं आणि आत पू होतो. शिवाय रेबीजचा प्रश्न आहेच. तिलाही लस देऊन घेऊ.

रात्री ती पायात आली तर तुम्ही पडाल ही मला खरी भीती आहे. म्हणून पॅसेजमध्ये एक लहान दिवा रात्रभर चालू ठेवा. वाकायला लागू नये म्हणून लांब दांड्याचं खोरं आणि वाळूचं उथळ भांडं मी घेऊन येते. तिच्या डॉक्टरचा खर्च माझ्याकडे, त्यावर वाद नको.

शनिवारी सकाळी पोचते. तोवर मांजराचा जुना पिंजरा माळ्यावरून काढू नका, मी चढेन. आणि आई, तिला अजून काही नाव ठेवलं नसशील तर ते तूच ठेव.

तुमची,
ताई